फरक रुपये सत्तावीस

तेजल अहिररावनं चहाचा कप ठेवावा तसा
टेबलावर प्रश्न ठेवला: सर, माझे चान्सेस किती?
आणि जीएसटीची फाइल काढायला कपाटाकडे वळली,
उत्तराची काही घाई नसल्यासारखी.

मी लेखापरीक्षक. बत्तीस वर्षं
लोकांच्या आकड्यांखाली सही करतोय.
एवढं तर मला यायला हवं.

दहावी चौऱ्याण्णव. बारावी एकाहत्तर;
त्या वर्षी सातपूरला वडिलांच्या कारखान्याला टाळं होतं,
पण टाळ्यासाठी अर्जात रकाना नाही.
सीए तिसऱ्या खेपेला.
जीमॅट सातशे दहा. तिथं घेतात त्यांची सरासरीही तेवढीच,
म्हणजे ना जमा, ना नावे.
अनुभव चार वर्षं, सगळा माझ्याकडे,
शरणपूर रोडला, झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत.
परदेश: निरंक.
नेतृत्व: मार्चअखेरीला रात्री साडेअकराला
आर्टिकलच्या पोरींना एकेक करून घरी सोडणं
आणि मग एकटीनं इंदिरानगरला जाणं, स्कूटीवर.
हे नेतृत्वात धरायचं की वाहनखर्चात?

संस्थेचा फॉर्म मला विचारतो,
आजवर तुमच्या हाताखाली आलेल्यांत
उमेदवार वरच्या किती टक्क्यांत?
पाच, दहा, पंचवीस. एकावर टिचकी मारा.
माझ्या हाताखाली आले एकंदर अठरा.
अठराचे पाच टक्के म्हणजे एक अख्खं माणूसही होत नाही.
तिला नऊ-दशांश कसं म्हणू?

ओझरच्या पतसंस्थेचं लिहावं म्हटलं.
ताळेबंद सत्तावीस रुपयांनी जुळत नव्हता.
मॅनेजरनं खिशातून तीस काढले, घ्या मॅडम, मिटवा.
मीही फोनवर म्हणालो, सस्पेन्सला टाक आणि निघ.
ती म्हणाली, सर, नवानं भाग जातोय,
कुठंतरी दोन आकडे जागा बदलून बसलेत.
साडेनऊला सापडले.
सिंधूबाई, भाजीवाली, पिग्मी खातं:
बावन्नचे पंचवीस झाले होते.
बाईला पत्ताच नव्हता. अजूनही नसेल.

फॉर्मला पाचशे अक्षरांची मर्यादा.
आधी मॅनेजर गळाला, मग ओझर, मग सिंधूबाई.
उरलं ते असं: उमेदवार बारकाव्यांकडे लक्ष देते.
हे तर मी सतराही जणांबद्दल लिहिलंय.

तरी शक्यता काढली. चाळीस टक्के.
पुन्हा मांडणी केली. चाळीसच.
मग पेन्सिल खाली ठेवली,
कारण नियम तिला मीच शिकवला होता:
ज्याच्याकडे आपला पैसा अडकलाय
त्याचं ऑडिट आपण करू नये.
सप्टेंबर चालू आहे. टॅक्स ऑडिटच्या बेचाळीस फाइली.
क्लायंट फोनवर विचारतात, मॅडम आहेत का?
मी आहे म्हटलं तर म्हणतात, बरं, नंतर करतो.
चाळीस आले,
की चाळीस यावेत असं मला वाटत होतं?
हा फरक नवानं भागून सापडत नाही.

संध्याकाळी तिला सांगितलं,
आकडा देता येणार नाही, यात माझा हितसंबंध आहे.
ती हसली. म्हणाली, हे डिस्क्लोजर झालं सर,
अभिप्राय कुठाय?
आणि स्टेपलरच्या पिना कुणी संपवल्या म्हणून
बाहेर जाऊन ओरडली.

मुदत रात्री बाराची. सव्वाअकरा झालेत.
खाली झेरॉक्सवाल्यानं शटर ओढलं.
पाच टक्क्यांवर टिचकी मारली आहे;
पन्नास पैशांच्या वर गेलं की रुपया धरतात,
त्या हिशेबानं ती अख्खी बसते.
बारकाव्यांचं वाक्य पुसलं.
आता पुन्हा पहिल्यापासून लिहितोय:
ओझरला एक भाजीवाली आहे