तार पुरेल का

उद्यमबागेत माझं वाइंडिंगचं दुकान.
तीस वर्षं तांब्याची तार गुंडाळतोय.
फेरा चुकला तर मोटार बोंबलते,
एवढंच मला कळतं.

परवा लाइट गेलेली. सुगंधा आली,
कॉलेजात जर्मन शिकते ती.
हेडफोन कानाला लावून म्हणाली,
तात्या, ऐका की. सेहेचाळीस साल.
केसाएवढ्या पोलादी तारेवर धरलेला आवाज आहे.

तार म्हटल्यावर मी हात पुसले.

आधी नुसती घरघर, बेअरिंग कोरडं असावं तशी.
मग एक माणूस सावकाश काही विचारतो.
मग बाई. तेवीस वर्षांची, सुगंधा म्हणाली,
छावणीतून सुटून वर्ष झालेलं.
आवाज मात्र शहापूरच्या भाजीवालीचा,
घाईचा, गिऱ्हाइकावर जरा चिडलेला.

मला अक्षर कळत नव्हतं.
सुगंधा वहीत बघून सांगत होती :
आई म्हणताना ती घरची भाषा बोलते,
पावाला पोलिश शब्द,
आणि आकडे आले की जर्मन.
पहाटे बर्फात उभं करून
ज्यांनी तिला रोज मोजलं, त्यांची.

माझी आई गोकाकची.
आमच्यात येऊन पन्नास वर्षं झाली तरी
जोंधळे मापताना वंदु, यरडु, मूरु.
आम्ही हसायचो.
माहेर मोजतेय, अण्णा म्हणायचा.
आणि ही बाई,
माहेर ज्यांनी पुसलं त्यांचेच आकडे
तोंडात घेऊन बसलेली.

मध्येच आवाज गेला. लागला तेव्हा वाक्य पुढचं होतं.
इथं तार तुटली असणार, मी म्हटलं.
तुटली की गाठ मारतात,
गाठीत एखादा शब्द जातो.
सुगंधानं पेन खाली ठेवलं.
तिथं बहिणीचं नाव येत होतं, तात्या.

शेवटाला बाई थांबली.
काहीतरी विचारलं तिनं, एकदम बारीक आवाजात.
काय म्हणते गं?
म्हणते, तार पुरेल का?

त्या माणसाचं उत्तर ऐकू आलं नाही.
घरघर तेवढी होती.

लाइट आली. पंखा फिरला.
बाकावर येळ्ळूरच्या पंपाची जळालेली मोटार,
संध्याकाळी द्यायचं कबूल केलेली.
झाकण उघडलं तसा जळक्या वार्निशचा वास आला.
तीस वर्षं येतोय.
मी झाकण परत लावलं,
त्यांना फोन केला, उद्या बघूया म्हणून.

तांब्याचं रीळ मांडीवर घेऊन
किती उरलीय ते बघत बसलो.
मोजली नाही.