पहिली वेलांटी

शाहूपुरीत, गुळाच्या अडतीवर,
काळ्या खिडकीसमोर बसलोय.
हिरवी अक्षरं, सारख्या मापाची घरं.
एका घरात एक अक्षर, असा इथला कायदा.
इंग्रजी त्यात बिनतक्रार राहते,
एकेकट्या भाडेकरूंसारखी.
आपली बाराखडी बिऱ्हाड घेऊन येते:
काना शेजारी, मात्रा डोक्यावर, उकार पायाशी,
अर्धा ष ण च्या खांद्याला रेललेला.
कुठं मावायची ती?

सकाळी सौदे निघाले, पहिली पट्टी छापली.
हिराबाई ज्ञानू खाडे.
कागदावर उतरलं: हरिाबाई.
ह ची वेलांटी एक घर सरकून
र ला जाऊन चिकटली होती.

नेमगोंडा दिवाणजींनी चष्मा कपाळावर चढवला.
"आरं, बाईचा हरी केलास की!
ही वेलांटी शेजारणीकडं का गेली?"
हमाल हसले.
रव्यांवरच्या माश्या उठल्या, परत बसल्या.

मी समजावू लागलो:
साठवताना ह आधी, वेलांटी मागनं;
दाखवताना वेलांटी आधी, ह मागनं.
हा उलटा व्यवहार खिडकीला ठाऊकच नाही.
"म्हंजे बोलताना ह पहिला,
आणि लिवताना वेलांटी पहिली.
आम्हाला हे पहिलीत मास्तरानं छडीनं शिकवलं.
ह्याला कोण मास्तर न्हाई व्हय?"

सेटिंगात भाषांची यादी आहे.
मराठी नाही. हिंदी आहे, तीही अर्धवट.
पाव्हण्याच्या रेशनकार्डावर साखर उचलावी
तशी मी हिंदी निवडली
आणि गुऱ्हाळ टाइप केलं.
र चा नुक्ता सुटून
ठिपक्यांच्या एका गोलात जाऊन पडला,
हलंत तिसरीकडंच लोंबत राहिला.
ळ तेवढा धडका,
काहिलीतून आत्ताच काढल्यासारखा.

दुपारी कृष्णात सुतार आले, दऱ्याच्या वडगावचे.
पट्टी उलटी केली, सुलटी केली.
"ह्यात माझं कुठाय?"
होतं. सात घरांत होतं.
क, मग त्याचा तुटलेला पाय,
ष, हलंत, ण, एक उभी काठी, त.
मोजून देता आलं असतं,
पण माणसाला त्याचं नाव असं सुटं मोजून कसं द्यायचं?

दिवाणजींनी फूटपट्टी घेतली, शाईचं पेन घेतलं,
सातही घरांवरून एक रेघ ओढली.
"घे. आता तुझंच."
कृष्णातनी बराच वेळ बघितलं.
"डोकं जुळलं, दिवाणजी.
पाय मोडकाच हाय."
आणि घडी घालून खिशात टाकली.

बाजार उठला. मागं राहिला गोडसर वास
आणि पंख्याची कुरकुर.
मी खिडकीला शिकवत बसलो:
कृ म्हणजे दोन नव्हे, एक.
ष्णा म्हणजे चार नव्हे, एक,
पण थोडा ऐसपैस, दोन घरं दे त्याला.
पहिली वेलांटी दिसली की थांब,
मागं वळ, आधी तिला बसव.
साडेनऊला हिराबाई हिराबाई झाली.
मी खुर्चीतून उठून खरंच टाळी वाजवली;
रखवालदार बॅटरी घेऊन बघायला आला.

मग दिसलं: नाव सरळ झालं
आणि आकडे सरकले.
वजनाच्या रकान्यात दर,
दराच्या रकान्यात हमाली,
हमाली कागदाच्या कडेवरून अर्धी बाहेर.
फोन केला तर दिवाणजी जेवत होते.
"सरकू देत. हिशोब आमचा तोंडपाठ असतोय.
नावं तेवढी धर घट्ट."

पुढच्या सौद्याला हिराबाई आल्या.
त्यांनी बोट ठेवलं कागदावर,
वेलांटीवर आधी, मग ह वर,
सावकाश, ओल्या भिंतीवरून हात फिरवावा तसं.
मी श्वास धरून.
बोट खाडेपर्यंत गेलं, थांबलं,
पलीकडच्या कोऱ्या जागेवर जरा घुटमळलं.

"नाव झ्याक आलंय, पोरा.
पर माझं वजन एवढं लांब का पळालंय?"