मेणाचं काम

पहिले तीन दिवस मी नव्हतोच.
कन्नमवार नगरातल्या त्या खोलीत माझ्या जागी
एक ओलं पोतं पडून होतं.
कुंदावहिनी दर दोन तासांनी
नाकाखाली बोट धरून बघायची.

चौथ्या दिवशी अकरा चपात्या खाल्ल्या.
मग गूळ, मग पुतण्याची बिस्किटं.
तो काही बोलला नाही. स्टुलावर चढून
डबा वरच्या फळीवर ठेवला,
जिथे माझा हात पोचतो, त्याचा नाही.

मला वाटलं होतं अंग तुटेल, उलट्या होतील.
एमडीचं तसं नसतं.
काहीच होत नाही, हेच होत राहतं.
आंघोळीचं पाणी गरम, बस्स.
पुतण्याचा दुसरा नंबर, बरं.
खाडीवरून फ्लेमिंगो गेले, अख्खी गच्ची ओरडली,
मी बघितले. पक्षी.

झोपेत मात्र सगळं रंगीत.
कुणीतरी पुडी उलगडतं,
मी नाही म्हणायला विसरतो,
उठल्यावर नाक पुसतो, उगाच.

सव्विसाव्या दिवशी कामावर गेलो.
आमचा धंदा दातांचा. कवळ्या, कॅप, ब्रिज.
तीन वर्षं रात्रपाळीत लोकांचे दात घडवता घडवता
माझे मी चावून सपाट केलेत.
टेबलावर सिरॅमिकची पूड, बारीक, पांढरी.
तळहात भिजले. जबडा आपसूक हलायला लागला,
रवंथ करणाऱ्या म्हशीसारखा.
डायसशेठ चष्म्यावरून बघत होते.
विचारलं काहीच नाही. संध्याकाळी
माझं स्टूल खिडकीकडे सरकवलं,
समोर मेणाच्या पट्ट्या टाकल्या, गुलाबी.
"पूड दिगंबर बघेल. तू हिरड्या कर."

तेव्हापासून हिरड्या करतो.
स्पिरिटच्या दिव्यावर सुरी तापवायची,
दाताच्या मुळाशी थोडं मेण चढवायचं,
थोडं खरवडायचं, फुंकर घालायची.
कुणाचं तोंड आहे ते कळत नाही.
डबीवर नुसता नंबर असतो.

काल, चौऱ्याहत्तराव्या दिवशी,
आमटीचा घोट घेतला आणि म्हणालो,
मीठ नाही यात.
वहिनी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली,
"महिना झाला. तुझ्या वाटीत घालतच नव्हते.
म्हटलं, बघू कधी कळतंय."

मला तिचा राग आला.
चांगला, कानापर्यंत गरम.
मिठाची बरणी ओढली
आणि जरा जास्तच घातलं.