शिकामो

आमच्या घरात ती भाषा चुलीपाशी येत नसे.
खेळता खेळता कुणी एखादा शब्द आणलाच
तर आई तो पायताणासारखा बाहेर काढून ठेवायला लावी.
लुगांडात रडा, लुगांडात भांडा,
पण बराकीतलं तोंड इथे नको.

आम्हाला येत होते चारच शब्द.
सिमामा : थांब, उभा राहा.
फुंगुआ : उघड.
हराका : लवकर.
लाला चिनी : जमिनीवर आडवा हो.

लुकायाच्या दलदलीलगत, नाक्यावर,
आमचे वडील, वालुसिंबी, सायकलवरून उतरले
पहिल्याच शब्दाला.
पुढचे त्यांना ऐकवले की नाही, कळलं नाही.
सायकल तेवढी पुन्हा गावात दिसली,
चालवणारा दुसराच.

मग मार्च सरता सरता दक्षिणेकडून
गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेलं सैन्य आलं.
एक पोरगा थेट अंगणात.
मिसरूड धड फुटलेलं नाही,
खांद्यावर बंदूक, हातात रिकामा डबा.
आईने आम्हाला केळींच्या आड ढकललं
आणि वाट पाहिली
चारांपैकी एकाची.

तो किंचित वाकला.
"शिकामो, मामा."
आई गप्प.
तोच ओशाळला, पुन्हा म्हणाला,
मग हातवारे करत समजावू लागला:
म्हणजे, तुमचे पाय धरतो.
तुम्ही म्हणायचं, मराहाबा.
मी तांगाकडचा, कोम्बो.
थोडं पाणी मागतो.

त्या रात्री आई किती तरी वेळ
स्वतःच्या पायांकडे बघत बसली.
या भाषेला पाय धरताही येतात?

पुढच्या आठवड्यात त्याच पलटणीने
शेजाऱ्याचा रेडिओ नेला.
अगदी अदबीने, "मेहेरबानी करून" म्हणत.

आता संसदेत ठराव झालाय, शाळेत तास असतो.
माझी नात नाकिर्या ओट्यावर बसून घोकते:
म्ती उमेसिमामा. झाड उभं आहे.
केळी सोलणारा आईचा हात थबकतो.
नव्वदी गाठलीय, कान मात्र शाबूत.
"परत म्हण."
म्ती उमेसिमामा.
"झाडालाही सांगतात होय," ती पुटपुटते,
सालं गोळा करते,
रस्त्याकडे बघते.

बऱ्याच वेळाने:
"आणि 'बस' म्हणायला काय शब्द आहे गं?"
केती.
"केती," आई जपून उच्चारते,
दमून आलेल्या कुणाला चटई सरकवावी तसं.
"हा नाक्यावर कुणालाच येत नव्हता."