खुर्च्या मांडणारी

दीडशे खुर्च्या लागतील, असा निरोप होता
पक्षाच्या कार्यालयातून.
नॉर्मा ब्रेथवेटनं एकशे बारा मांडल्या.
तिला बॅरो गाव ठाऊक आहे.
उरलेल्या अडतीस भिंतीशी, एकमेकींच्या मांडीवर.

एक खुर्ची लंगडी.
तिच्या पायाखाली दर वेळी घडीचा कागद सारावा लागतो.
आज हाताला लागलं दोन हजार सोळाचं पत्रक :
राहायचं की निघायचं, एकावर फुली मारा.
कागद चांगला जाड.
तेव्हा छपाईला पैसे होते.

सात वाजता दोघं आले,
एक बाई, एक बाप्या.
दोघांना एकच खुर्ची हवी आहे
आणि ती या सभागृहात नाही.

संरक्षणावर अडीच टक्के, बाई म्हणाल्या.
तीन, म्हणाले गृहस्थ.
बाईंनी पाणी प्यायलं आणि त्याही तीनवर आल्या.
बंदरावर लिलाव असाच चालतो,
फक्त तिथं मासा समोर असतो.

खिडकीतून दिसते गोदीची शेड,
गावातल्या प्रत्येक चर्चपेक्षा उंच.
तिच्या पोटात एक पाणबुडी वाढते आहे,
सातवं वर्ष लागलं.
नॉर्माचा थोरला, रॉडरिक, तिथं वेल्डिंग करतो,
रात्रपाळी.
सकाळी येतो, अंडं खातो, बोलत नाही.
बोलणार नाही असं सहीनिशी लिहून दिलंय त्यानं.
एवढी अवाढव्य वस्तू बांधायची
ती कुणाला दिसू नये म्हणून,
याचं नॉर्माला अजून नवल वाटतं.
पैसा कुठून आणणार, असं कुणी विचारलं
तेव्हा मंचावरचे दोघंही तशीच
बुडबुडा न काढता खाली गेले.

मग वॉल्टर टायसन उठला,
खाडीतल्या शिंपल्यांचा व्यापारी,
टोपी हातात.
मी निघायच्या बाजूनं मत दिलं होतं, म्हणाला,
पुन्हा देईन का ते विचारू नका.
माझा ट्रक कॅलेला अकरा तास उभा होता.
एका चौकोनात डॉक्टरची सही राहिली होती.
शिंपल्यांना सार्वभौमत्व कळत नाही हो,
त्यांना बर्फ कळतो.

कुणीतरी हसलं. कुणीतरी खोकलं.
फार महत्त्वाचा प्रश्न, गृहस्थ म्हणाले,
आणि दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं.
वॉल्टर बसला. खुर्ची कुरकुरली.

मागे चहाच्या टाकीशी डॅन्युटे.
लिथुआनियाहून आली त्याला अठरा वर्षं झाली,
इथं राहायची तिची परवानगी फोनमध्ये असते,
म्हणून ती फोन कधी दहा टक्क्यांखाली जाऊ देत नाही.
तिच्या आईच्या गावात
तळघरांच्या दारांवर नव्या पाट्या लागल्यात :
किती माणसं मावतील.
हे ती कुणाला सांगत नाही.
दूध घालू? एवढंच विचारते.

मत द्यायचं ते फक्त सभासदांनी.
वर्गणी भरलेले, बहुतेक पांढऱ्या केसांचे,
काही कानातलं यंत्र बंद करून बसलेले.
नॉर्मा सभासद नाही.
तिला तासाचे बारा पौंड मिळतात,
आणि हीटर नऊला बंद करायची सक्त ताकीद.

नऊला तिनं बंद केला.
बाई तेव्हा 'उज्ज्वल' या शब्दावर होत्या.
लोकांनी कोट चढवायला सुरुवात केली.

त्रेसष्ट खुर्च्या ऊबदार होत्या,
तिनं हात लावून मोजल्या.
एकीवर लोकरीचा एकच हातमोजा.
लंगडीखालचं पत्रक ओढून काढलं :
नेमकं फुलीच्या जागी भोक पडलेलं,
बाकी मजकूर शाबूत.
त्याच घडीवर घडी घालून
एप्रनच्या खिशात ठेवलं तिनं.

परवा गुरुवार, बिंगो आहे.
तेव्हा दीडशेही पुरत नाहीत.