चाचणी

कुताइसीत रात्रीचे तीन-दहा.
नेस्तानने स्वतःच्याच फोनसाठी लिहिलं होतं,
'जागी आहेस का?'
यादी मात्र निवडली गेली खरीखुरी,
पाव भट्टीतून निघाला की कळवायची,
एकोणीस हजार फोनची.

उशांखाली, फ्रिजवर, नदीवरच्या पुलावर
थरथरलं.

या वेळी आलेख आडवा पडलेला असतो.
आता उठून बसला:
चारशे सहा जणांनी उघडलं.

माफी टाइप केली तिने, पाठवणार तोच
बोट अडलं.
माफीलाही आवाज असतो.

मग एक मुकं नोटिफिकेशन सोडलं,
न वाजणारं, न दिसणारं,
जाऊन आधीचं तेवढं पुसणारं.

सकाळी भट्टीवर तामाझ म्हणाला,
गिऱ्हाइकं आज लवकर आली.
एक म्हातारी तर पाव न घेताच
विचारत राहिली,
रात्री कोण होतं?