घट

साप्ताहिकात मी लिहिलं : पटकथा चोख.
साडेतीन तारे.
पुण्या-मुंबईच्या पेपरांनी चार दिलेले,
म्हणून अर्धा हातात राखला.

जालिंदरतात्यांनी विट्याच्या थेटरात
स्वतःच्या पैशानं पाहिला.
तीस वर्षं सेलमला गलाई,
भुवया जळाल्या त्या पुन्हा आल्याच नाहीत.
"चोख म्हंजे किती रे? कस लावून बघितलास?"

मग चहा बशीत ओतत,
"बँक फोडली झकास. भुयार, घड्याळं,
कॅमेऱ्याला दिलेला चकवा, समदं पटलं.
पण एक वीट साडेबारा किलोची.
ती पोरगी चार विटा घेऊन जिना चढती
कापूस उचलल्यागत.
आन् मुशीत जेवढं घातलं
तेवढंच बाहेर आलं.
घट कुठाय?"

मी म्हटलं, तात्या, सिनेमा आहे.

"असू दे की."

बशी रिकामी झाली.
भट्टीकडं बघावं तसं रस्त्याकडं बघत म्हणाले,
"तो म्हातारा रोखपाल मातर...
किल्ली देताना बोटं पुसतो बघ शर्टाला,
दोनदा.
तेवढ्यासाठी उद्या परत जाणार हाय."

घरी येऊन परीक्षण काढलं, वाचलं.
रोखपालाचा
त्यात उल्लेखच नव्हता.